जिल्ह्याचं नाव बदललं, पण वेबसाइटचा जुना पत्ता सोडू नका

ऑक्टोबर २०२४ मध्ये राजपत्र निघालं आणि अहमदनगर अधिकृतरीत्या अहिल्यानगर झालं. तेव्हापासून पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलले, शिक्के बदलले. आता गाडी वेबसाइटवर आली आहे. शाळा, पतसंस्था, मंडळं, दवाखाने, दुकानं... ज्यांच्या वेबसाइटच्या नावातच 'अहमदनगर' किंवा 'नगर' आहे, त्यातले बरेच जण विचारतात, "नवीन नाव घेऊ का? आणि जुनं बंद करून टाकू का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, जरूर घ्या. दुसऱ्याचं उत्तर, नाही. अजिबात नाही. का, ते सांगायला थोडं इतिहासात जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, पण कुठल्याही संस्थेत चेअरमन, सचिव, मुख्याध्यापक, विश्वस्त असाल तर शेवटपर्यंत वाचा.

कोणतं केडगाव?

मी केडगावचा. बाहेरगावी नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "दौंडजवळचं का?" तेही केडगावच. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. आमचं केडगाव पुणे रोडवरचं, रेणुकामातेचं, नेप्तीच्या कांदा मार्केटजवळचं. नाव एक, गावं दोन. म्हणून पाकिटावर तालुका लागतो, जिल्हा लागतो आणि पिनकोड लागतो. आमचा ४१४००५, त्यांचा ४१२२०३.

हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर आणि संस्कृतचे कवी. एकसारखी गावांची नावं, वेगवेगळ्या भाषा, कळेल न कळेल असं अक्षर, आणि तरी पत्र बरोबर घरी गेलं पाहिजे. सहा आकड्यांनी ते काम केलं. नाव माणसासाठी, आकडे टपाल खात्यासाठी.

इंटरनेटची अडचण अगदी हीच होती, फक्त उलट बाजूने आली. तिथे आकडे आधी होते, नावं नंतर.

एक यादी आणि एक ऑफिस

१९७० च्या दशकात अमेरिकेत अर्पानेट नावाचं जाळं होतं. त्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असे. आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून नाव आणि आकडे यांची एक साधी फाइल ठेवली जाई. ती सांभाळायचं काम कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या एका ऑफिसकडे होतं, एलिझाबेथ फाइनलर या बाई त्याच्या प्रमुख. नवीन कॉम्प्युटर जोडला की त्यांच्याकडे कळवायचं, यादीत नाव चढायचं आणि मग सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. तलाठ्याच्या दप्तरासारखाच कारभार. पण अख्ख्या जाळ्याला मिळून एकच तलाठी.

कॉम्प्युटर वाढले तशी ही पद्धत मोडकळीला आली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी, जॉन पोस्टेल यांच्या सांगण्यावरून, नवी रचना मांडली. एक मोठी यादी ठेवण्याऐवजी नावाचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याची जबाबदारी वेगळ्याकडे द्यायची. केडगाव, तालुका नगर, जिल्हा नगर, महाराष्ट्र, असं आपण लिहितो ना, तसंच. हीच डोमेन नावांची व्यवस्था. मार्च १९८५ मध्ये पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स नावाच्या कॉम्प्युटर कंपनीचं. तेव्हा नावाला पैसे पडत नसत. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर फी सुरू झाली आणि नावाला बाजारभाव आला.

आपलं डॉट इन जुहूत वाढलं

भारताचं 'डॉट इन' मे १९८९ मध्ये भारताकडे आलं. सामान्य माणसाला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. डॉट इनचं दप्तर होतं मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक. म्हणजे देशाच्या इंटरनेटवरच्या नावांची पहिली नोंदवही महाराष्ट्रात होती, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही.

नियम कडक होते, कागदपत्रं लागत. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. मग धोरण बदललं. जानेवारी २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सीकडे काम आलं आणि कुणालाही थेट डॉट इन नाव घेता येऊ लागलं. मार्च २०१० पर्यंत आकडा सहा लाखांवर गेला. २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं, त्यात हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीही. म्हणजे आज संस्थेचं नाव शुद्ध मराठीत लिहूनही पत्ता घेता येतो. ई-मेलच्या बाबतीत मात्र अजून सगळीकडे तो स्वीकारला जात नाही, म्हणून रोमन नाव जोडीला ठेवावंच लागतं.

दार उघडलं हे चांगलं झालं. पण उघड्या दारातून सगळेच येतात. 'पहिला येईल त्याला' हा नियम. नाव मागणारा त्या नावाचा खरा धनी आहे का, हे नोंदणीच्या वेळी कोणी तपासत नाही. भांडण झालं तर नंतर बघायचं. १९९९ मध्ये याहू कंपनीला 'याहूइंडिया' नावाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळू शकतं. पण ज्या कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे त्यांचं हे झालं. आपल्या माध्यमिक विद्यालयाने कुठे जायचं?

नाव वेगळं, जागा वेगळी

इथे बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून नगरचंच उदाहरण देतो. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये आपल्या नगरात सुरू केलं. पुढे ते मुंबईला गेलं. गाव बदललं, पण नाव ज्ञानोदयच राहिलं आणि वाचकालाही ते त्याच नावाने सापडत राहिलं.

डोमेन म्हणजे नियतकालिकाचं नाव. होस्टिंग म्हणजे छापखाना. छापखाना भाड्याचा असतो, महाग वाटला, काम बिघडलं तर बदलता येतो. नाव एकदा हातून गेलं की वाचक गेला. १८६७ च्या छापखाना कायद्यात मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं ते याचसाठी, की या नावामागे कोण उभा आहे हे कागदावर असावं. डोमेनलाही तसा कागद असतो. त्यात नोंदणीदार म्हणून ज्याचं नाव आणि ई-मेल, त्याच्या हातात चावी.

आता आपल्याकडे काय चालतं? एका संस्थेचं सांगतो, नाव घेत नाही. वेबसाइट एका हुशार पोराने करून दिली, डोमेन स्वतःच्या जीमेलवर, स्वतःच्या कार्डावरून घेतलं. पोरगं नोकरीला बाहेर गेलं, नंबर बदलला. नूतनीकरणाची आठवण देणारे मेल त्या जुन्या जीमेलवर जात राहिले. संस्थेला कळलं तेव्हा वेबसाइट बंद होती आणि कपाटात फक्त एक पावती होती, तीही पोराच्या नावाची. यात लबाडी कोणाचीच नव्हती. इमारतीचा सात-बारा आपण तीनदा तपासतो, पत्त्याचा कोणीच बघत नाही, एवढंच.

आणि कंपनी मोठी, जुनी म्हणूनही निर्धास्त राहू नये. नेट फोर इंडिया ही देशातली जुनी नोंदणी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. २०२० मध्ये तिच्या ग्राहकांना नावांचं नूतनीकरण करता येईना, दुसरीकडे हलवता येईना. नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०२१ मध्ये तिची मान्यता काढली आणि हजारो नावं दुसऱ्या कंपनीकडे सोपवली, मूळ मुंबईच्या डायरेक्टी समूहातल्या पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे. ज्यांच्या नोंदीतलं नाव आणि ई-मेल बरोबर होते, त्यांना निदान आपली मालकी दाखवता आली.

नाव बदललेल्यांनी काय केलं?

नामांतर करणारे आपण पहिले नाही. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं. आयआयटीचा पत्ता आजही 'आयआयटीबी'च आहे. मुंबई विमानतळाचा सांकेतिक शब्द अजून बी-ओ-एम आहे. त्यात मुंबई या नावाचा अपमान कोणालाच वाटत नाही. जगभर लाखो ठिकाणी छापलेला पत्ता मोडायचा नसतो, एवढा साधा हिशोब आहे.

देश बुडाले त्यांचंही बघा. सोव्हिएत संघाला १९९० मध्ये 'डॉट एसयू' मिळालं, पुढच्याच वर्षी देश संपला, पत्ता आजही चालू आहे. युगोस्लाव्हियाचं 'डॉट वाययू' मात्र ३० मार्च २०१० ला कायमचं बंद झालं. ज्यांनी वेळेत 'डॉट आरएस'सारख्या नव्या नावावर मुक्काम हलवला ते वाचले. बाकीच्यांच्या लिंक मेल्या.

आपल्या जिल्ह्याची सरकारी वेबसाइट वर्षानुवर्षं 'अहमदनगर डॉट एनआयसी डॉट इन' या पत्त्यावर होती. असे सरकारी पत्ते बाजारात विकत मिळत नाहीत, त्यामुळे तिथे परका घुसायची भीती नाही. आपल्या संस्थांचे डॉट कॉम, डॉट इन, डॉट ओआरजी मात्र उघड्या बाजारातले आहेत. डॉट कॉमसारखं नाव मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीत असतं, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी पुसलं जातं. त्यानंतर ते जगातल्या कोणाचंही. अशी सुटलेली जुनी नावं टिपून घेणं हा काही लोकांचा धंदाच आहे, कारण जुन्या नावाला गूगलवर आयती ओळख असते.

मग काय होतं? तुमच्या शाळेच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसते. हे झालं दिसणारं नुकसान. न दिसणारं जास्त वाईट. त्या नावावरचा ई-मेलही नव्या मालकाकडे जातो. पालकांचे अर्ज, सभासदांची कागदपत्रं, 'पासवर्ड विसरलात?'ची मेल, सगळं त्याच्या दारात. पतसंस्थेच्या जुन्या पत्त्यावर कोणी हुबेहूब पान उभं केलं तर म्हातारा ठेवीदार कसा ओळखणार? रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं ते फसवणूक रोखण्यासाठीच. ज्यांनी हा मुक्काम हलवला त्यांनाही जुना पत्ता सांभाळायची गोष्ट तितकीच लागू आहे.

म्हणून, या महिन्यात एवढं करा

१. वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आणि कोणत्या ई-मेलवर आहे ते आजच विचारा. संस्थेच्या नावावर करून घ्या. ई-मेल संस्थेचा ठेवा, पण त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर तो मेलही बंद पडतो.

२. 'अहिल्यानगर'वालं नवीन नाव घ्या. रोमन स्पेलिंग ठरावात एकदाच पक्कं करा आणि सगळीकडे तेच वापरा.

३. जुनं नाव चालू ठेवा आणि त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवायची सोय करून घ्या. नाव एकदम दहा वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं. वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर. सत्कारातल्या दोन शालींचे पैसे.

४. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर बघू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. संपूर्ण वेबसाइटचा बॅकअप स्वतःला उतरवून घेता येतो का, हे विचारा. शाळेच्या किंवा देवस्थानाच्या माहितीच्या साइटला साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं. फुकट जागेवर संस्थेचा इतिहास ठेवू नका. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांची लाखो पानं एका दिवसात गेली.

५. डोमेन आणि होस्टिंग एकाच 'पॅकेज'मध्ये घेतलं तरी दोन्हीचे पासवर्ड संस्थेकडे हवेत. मुदतीची तारीख दरवर्षी सभेच्या इतिवृत्तात लिहा.

नामांतराच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, इथे दोघांचं हित एकच आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर 'जि. अहमदनगर' लिहिलंय म्हणून तो दाखला आपण फाडत नाही. वेबसाइटचा जुना पत्ताही तसाच कपाटात जपून ठेवायचा कागद आहे. फरक इतकाच की हा कागद दरवर्षी पैसे भरून जपावा लागतो, आणि एक वर्ष विसरलात तर दुसरा कोणीतरी तो कायदेशीररीत्या घेऊन जातो.

आपापल्या संस्थेच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. आणि जमलं तर पोस्ट टाकायच्या आधी मुदतीची तारीख बघून घ्या.