केन्यातील स्त्रीशिक्षण

पूर्व आफ्रिकेतील केन्या या देशात मुलींना मुलांच्या बरोबरीने शिक्षण मिळावे, यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास सु. शंभर वर्षांचा आहे. प्राथमिक शाळांच्या पटावरील मुलामुलींची संख्या आता देशपातळीवर जवळजवळ सारखी झाली आहे. तथापि केवळ पटसंख्येवरून या इतिहासाचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते. मुलगी कोणत्या प्रकारच्या शाळेत जाते व तेथे किती वर्षे टिकते, हा प्रश्न केन्यात प्रवेशाइतकाच निर्णायक ठरला आहे.

ब्रिटिश अंमलात शिक्षणाची विभागणी वंशानुसार झालेली होती. यूरोपीय, आशियाई व आफ्रिकी मुलांच्या शाळा वेगवेगळ्या असत आणि त्यांवरील दरडोई खर्चातही मोठी तफावत असे. आशियाई वर्गातील निरनिराळ्या समाजांनी स्वतःच्या शाळा काढल्या. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी नैरोबीत चालणारी डॉ. रिबेरो गोवन स्कूल ही त्यांपैकी एक होय. आफ्रिकी मुलांचे शिक्षण मुख्यत्वे मिशनांच्या हाती होते. मिशनशाळांत शिकलेल्या मुलाला कारकून, शिक्षक किंवा धर्मोपदेशक होता येई. मुलींना मात्र शिवणकाम, स्वच्छता, बालसंगोपन व बायबलवाचन शिकविले जाई. नवख्रिस्ती तरुणांना सुविद्य पत्नी मिळावी, हा त्यामागील एक उघड हेतू होता. घरच्यांच्या दृष्टीनेही मुलीचे शेतातील व पाणी-सरपणाचे काम सोडून तिला शाळेत पाठविण्यात लाभ दिसत नसे. मिशन व कुटुंब यांचे इतर बाबतींत पटत नसले, तरी मुलीला थोडे शिक्षण पुरे, याविषयी त्यांच्यात फारसा मतभेद नव्हता.

मतभेद उफाळला तो १९२९ मध्ये. किकूयू समाजातील मुलींच्या सुंताविधीचा त्याग केल्याची प्रतिज्ञा काही प्रॉटेस्टंट मिशनांनी आपल्या अनुयायांकडून व शिक्षकांकडून मागितली. ती नाकारणाऱ्यांना चर्च सोडावे लागले व त्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद झाली. त्यातून किकूयूंच्या स्वतंत्र शाळांची चळवळ उभी राहिली. या शाळांचे स्थान केन्याच्या राष्ट्रवादाच्या इतिहासात मोठे आहे. १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर वसाहत सरकारने त्या बंद पाडल्या. मुलीच्या देहावर अधिकार कोणाचा, या वादात तिच्या शिक्षणाचा विचार दोन्ही पक्षांनी दुय्यम मानला, असे म्हणावे लागते. गूगी वा थियाँगो यांच्या द रिव्हर बिट्वीन (१९६५) या कादंबरीला याच संघर्षाची पार्श्वभूमी आहे.

माध्यमिक शिक्षणातील अंतर तारखांवरूनच स्पष्ट होते. आफ्रिकी मुलांसाठी किकूयू येथे अलायन्स हायस्कूल १९२६ मध्ये सुरू झाले. त्याच ठिकाणी आफ्रिकी मुलींची स्वतंत्र माध्यमिक शाळा निघण्यास १९४८ उजाडले. युगांडातील माकेरेरे महाविद्यालयाने, जेथे केन्यातील विद्यार्थीही उच्च शिक्षणासाठी जात, १९४५ मध्ये पहिल्या सहा स्त्रियांना प्रवेश दिला. न्येरी भागातील इहिथे या खेड्यात जन्मलेल्या वांगारी माथाई (१९४०–२०११) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. बहीण शाळेत का जात नाही, असे थोरल्या भावाने आईला विचारले आणि आईने होकार दिला. पुढे लिमुरू येथील लॉरेटो शाळा व १९६० मध्ये अमेरिकेची शिष्यवृत्ती असा त्यांचा मार्ग झाला. १९७१ मध्ये नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणाऱ्या माथाई या पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिल्या स्त्री होत. २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांच्या पिढीतील बहुतेक मुलींना असा प्रश्न विचारणारा भाऊ व त्याला होकार देणारी आई लाभली नाही.

१२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला. सायमन ओमिंडे यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये नेमलेल्या आयोगाने वंशनिहाय शाळा मोडीत काढून एकच राष्ट्रीय पद्धती सुचविली. शाळांची मागणी एवढी वाढली, की खेडोपाडी लोकांनी वर्गणी व श्रमदान यांतून ‘हरांबे’ (स्वाहिली अर्थ : सर्व मिळून ओढा) शाळा उभारल्या. मुलींना माध्यमिक शिक्षण मोठ्या प्रमाणावर मिळाले ते याच शाळांमुळे. परंतु प्रयोगशाळा, ग्रंथालय व प्रशिक्षित शिक्षक यांची तेथे वानवा असे. सुसज्ज शासकीय शाळांतील बहुतांश जागा मुलांसाठी होत्या. परिणामी मुली गृहशास्त्र व भाषाविषयांकडे वळल्या आणि विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांत मागे राहिल्या. हा दोष त्यांच्या कुवतीचा नसून शाळेच्या इमारतीचा होता. विद्यापीठप्रवेशासाठी मुलींना गुणांत थोडी सवलत देण्याचा उपाय पुढे योजण्यात आला. तो माध्यमिक शाळेतील उणीव भरून काढणारा नव्हता.

शुल्कमाफीचा परिणाम मुलींवर विशेष होतो, कारण पैसा अपुरा असेल तेव्हा कुटुंब प्रथम मुलीचे नाव काढते. १९७४ मध्ये प्राथमिक शाळेच्या पहिल्या चार इयत्तांचे शुल्क रद्द होताच पहिलीतील प्रवेश जवळजवळ अडीचपट झाले. पण शाळांनी लगेच इमारतनिधी आकारण्यास सुरुवात केली व गळती वाढली. १९८० नंतरच्या दशकात खर्चाचा वाटा पालकांवर टाकण्याचे धोरण आले. जानेवारी २००३ मध्ये संपूर्ण प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले, तेव्हा पटसंख्या सु. ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. २०१० च्या संविधानाने मोफत व सक्तीचे मूलभूत शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क ठरविला.

शाळेतील सुरक्षिततेचा प्रश्न १३ जुलै १९९१ रोजी भीषण स्वरूपात पुढे आला. मेरू भागातील सेंट किझिटो या मिश्र शाळेत मुलांनी मुलींच्या वसतिगृहावर हल्ला केला. त्यात १९ मुली मृत्युमुखी पडल्या व अनेकींवर बलात्कार झाले. या घटनेनंतर मुलींचे स्थान देशभर चर्चेचा विषय झाले. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या व नैरोबीत मुख्यालय असलेल्या ‘फोरम फॉर आफ्रिकन विमेन एज्युकेशनलिस्ट्स’ या संघटनेने आफ्रिकेतील अनेक देशांत मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. २०११ मध्ये सुंताविधीवर कायद्याने बंदी आली. २०१७ च्या कायदादुरुस्तीनुसार वयात आलेल्या विद्यार्थिनींना सॅनिटरी पॅड मोफत पुरविण्याची जबाबदारी शासनावर आली.

उत्तर व ईशान्येकडील तुर्काना, मंडेरा, वाजिर व गारिसा या रखरखीत प्रदेशांत, जेथे पशुपालक कुटुंबे कळपांबरोबर स्थलांतर करतात, मुलींची उपस्थिती देशाच्या सरासरीहून फार कमी आहे. मासिक पाळी सुरू होताच विवाह व वधूमूल्य म्हणून मिळणारी जनावरे यांचा विचार तेथे शाळेच्या आड येतो. अवर्षणात तर अधिकच. वसतिगृहयुक्त व फिरत्या शाळा हे तेथील मुख्य उपाय होत. गर्भारपणामुळे शाळा सोडलेल्या मुलींना पुन्हा प्रवेश देण्याचे धोरण १९९४ मध्ये आखण्यात आले. पण त्याची अंमलबजावणी बरीचशी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर राहिली. कोव्हिडच्या साथीत २०२० मध्ये शाळा अनेक महिने बंद होत्या. त्याच वर्षी या पुनःप्रवेशासाठी नवी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करण्यात आली.