आतल्या रोधाचा इतिहास

२००५ सालच्या एका सकाळी आमच्या इंदूरच्या वाचनालयातील संगणक सुरूच होईना. जुन्या ग्रंथांची सूची दोन वर्षे खपून आम्ही त्यात उतरवली होती आणि तिची दुसरी प्रत काढून ठेवण्याचे शहाणपण आम्हांस सुचले नव्हते. झाकण उघडून पाहिले, तेव्हा मदरबोर्डावरील बोटाच्या पेराएवढ्या दंडगोलांपैकी पाचांची डोकी फुगलेली दिसली. दोघांवर तपकिरी खपली धरली होती. कारागिराने त्याच मापाचे नवे कंडेन्सर बसवले. संगणक चालला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बंद पडला. अखेर रेडिओदुरुस्तीत हयात घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही बोलावले. फुगलेला एक कंडेन्सर बोटांत फिरवीत ते म्हणाले, "अहो मंडळी, मायक्रोफॅरड बरोबर, व्होल्ट बरोबर, पण आतला रोध कोणी पाहिला का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जो इतिहास उलगडत गेला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

कंडेन्सर, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील धारित्र, हे विद्युत् भार साठवणारे पात्र होय. दोन वाहकांच्या मध्ये एक अपारक थर, एवढीच त्याची मूळ रचना. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडातील लायडन येथे मुशेनब्रुक यांनी काचेच्या बरणीत भार साठवून दाखवला, तेथून त्याची कथा सुरू होते. वाहकाचे पृष्ठ जितके विस्तृत आणि मधला थर जितका पातळ, तितकी साठवण अधिक. काच किती पातळ करणार? येथे ॲल्युमिनियम मदतीस आले. योग्य द्रवात बुडवून विद्युत् प्रवाह सोडला असता या धातूवर ऑक्साइडाचा एक पापुद्रा चढतो आणि तो प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, हे जर्मन शास्त्रज्ञ बुफ यांनी १८५७ मध्ये नोंदवले. पोलिश संशोधक कारोल पोल्लाक यांनी १८९६ मध्ये याच पापुद्र्याला अपारक थर मानून टाकणखाराच्या द्रावणातील धारित्राचे पेटंट मागितले. हा पापुद्रा दर व्होल्टामागे मिलिमीटरच्या दहा लाखांशाहून किंचितच जाड असतो. त्यामुळेच एवढ्याशा डबीत एवढी मोठी साठवण मावते.

परंतु या युक्तीतच पुढील सर्व अडचणींचे बीज आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा हे धारित्राचे एक पान. दुसरे खरे पान म्हणजे तो द्रवच. पापुद्र्याच्या खाचाखोचांत शिरून त्याला सर्वांगाने भिडणे द्रवालाच साधते. मात्र धातूच्या तुलनेत द्रव हा फारच मंद वाहक. धारित्रात शिरणारा आणि त्यातून निघणारा प्रत्येक प्रवाह या द्रवातून वाट काढतो, म्हणून प्रत्येक धारित्राच्या पोटात एक न दिसणारा रोध कायम बसलेला असतो. त्याला समतुल्य एकसर रोध म्हणतात. बाजारात तो 'ईएसआर' या अक्षरांनी ओळखला जातो. अमेरिकेतील सॅम्युएल रूबेन यांनी १९२५ मध्ये द्रवाने भिजवलेला कागद दोन पत्र्यांत गुंडाळण्याच्या रचनेसाठी पेटंट मागितले आणि पुढे घरोघरच्या रेडिओत हे धारित्र जाऊन बसले. पण रोध होता तेथेच राहिला.

मग तो रेडिओला का बाधला नाही? थोडा हिशेब करावा लागेल. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती एकदिश केल्यावर तिच्यात १०० आवर्तनांची लहर उरते. त्या लहरीला १००० मायक्रोफॅरडचे धारित्र स्वभावतःच सुमारे १.६ ओहमचा अडसर करते. त्यापुढे आतला दशांश ओहमचा रोध कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु १९७० नंतरच्या दशकांत संगणकांबरोबर वेगाने उघडझाप करणारे वीजपुरवठे प्रचारात आले आणि लहर लाखभर आवर्तनांवर गेली. त्या वेगाला धारित्राचा स्वाभाविक अडसर हजारपट घटून ०.००१६ ओहम उरतो, आणि आतला दशांश ओहम मात्र पहाडासारखा उभा राहतो. शिवाय उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीन अँपिअरच्या लहरीने ०.०३ ओहमच्या धारित्रात पाव वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते, ०.३ ओहमच्या धारित्रात ती पावणेतीन वॅट होते. मग द्रव आटतो, द्रव आटला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. आमच्या संगणकात बसवलेले दुसरे कंडेन्सर मापाने बरोबर असूनही का गेले, याचे उत्तर या चक्रात होते.

हा रोध कमी करण्याच्या प्रयत्नांतूनच धारित्रांचे निरनिराळे प्रकार जन्मले. पहिला मार्ग द्रवालाच अधिक वाहक करण्याचा. अल्परोध ॲल्युमिनियम धारित्रे ती हीच. दुसरा मार्ग द्रव काढून घन पदार्थ घालण्याचा. १९५० च्या दशकारंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टँटलम धातूच्या सच्छिद्र गोळीत मँगॅनीज डायऑक्साइड भरून धारित्र सिद्ध झाले. ते लहान आणि टिकाऊ असले, तरी बिघडल्यास कधीकधी पेट घेते. तिसरा मार्ग सेंद्रिय वाहकांचा. १९८३ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने 'ओएस-कॉन' नावाने असे धारित्र बाजारात आणले. पुढे वाहक बहुवारिकांचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकांचा, उपयोग होऊ लागला आणि रोध काही सहस्रांश ओहमांपर्यंत उतरला. या प्लॅस्टिकांच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुवारिकाचे धारित्र सुकत नाही. परंतु त्यातून गळती अधिक होते. म्हणून द्रव आणि बहुवारिक दोन्ही एकत्र नांदवणारी संकरित धारित्रेही निघाली.

आता आमच्या संगणकाकडे वळू. द्रव अधिक वाहक करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे त्यात पाण्याचे प्रमाण वाढवणे. पण पाणी ॲल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. त्याला आवर घालणारी द्रव्ये नेमक्या प्रमाणात मिसळावी लागतात. १९९९ ते २००७ या काळात जगभर असंख्य संगणकांतील धारित्रे अकाली फुगली, फुटली. त्यांतील द्रवात हा आवर पुरेसा नव्हता. जपानी द्रवाची कृती कोणी चोरली आणि ती अर्धवटच हाती लागली, असे वृत्त तेव्हा गाजले. ती कथा पूर्णपणे सिद्ध झाली नाही. रसायनाचा दोष मात्र खरा होता. कृती उतरवून घेणाऱ्याला पाणी दिसावे आणि पाण्याला धरून ठेवणारे चिमूटभर द्रव्य दिसू नये, हे हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांना नवे नाही.

त्या वृद्ध गृहस्थांनी वेष्टनावरील अक्षरे भिंगाने वाचून अल्परोधाचे कंडेन्सर मागवले, शेजारचे धड दिसणारेही बदलले, आणि सूची सुखरूप हाती आली. तिच्या तीन प्रती आम्ही त्याच आठवड्यात काढल्या. जाताना त्यांनी बजावले की, रोध कमी तितका उत्तम असेही नाही; काही जुन्या मंडलांना थोडा रोध लागतोच, तो काढला तर ती डळमळतात.

त्यांनी दिलेली दुसरी ताकीद आपल्या घरांसाठी अधिक मोलाची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल. पुष्कळ वर्षे बंद राहिलेल्या धारित्रातील ऑक्साइडाचा पापुद्रा क्षीण होतो. हौसेने असा रेडिओ एकदम विजेला जोडला, तर पूर्ण दाब त्या क्षीण थरावर पडतो. धारित्र तापते, फुटते, आणि पुन्हा न मिळणारा ट्रान्सफॉर्मरही सोबत नेते. जाणकार दाब हळूहळू चढवतात, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरतो. नाहीतर धारित्रच बदलतात. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्टांचा भार उरू शकतो, म्हणून झाकण उघडणे जाणकाराकडेच सोपवावे. वेष्टनावरील माप तर कोणीही वाचील. आत काय आटले आहे, हे विचारणारा माणूस आधी शोधावा, एवढेच आमचे सांगणे.