यादीबाहेरचे नागरिक : खानदेशातील मताधिकार आणि राजकीय बोलणे

मतदान न करणाऱ्याला राज्यकारभारावर टीका करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हे विधान प्रत्येक निवडणुकीच्या सुमारास नव्याने ऐकू येते आणि ते इतके सरळ वाटते की त्याचा इतिहास तपासण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. खानदेशापुरता, म्हणजे 1906 साली पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या आणि आज जळगाव, धुळे व नंदुरबार या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मुलखापुरता, हा इतिहास पाहिला तर असे दिसते की तेथील सामान्य माणूस मतदार यादीत येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून सरकारला आपले म्हणणे ऐकवत होता, आणि त्याला यादीत स्थान मिळण्यामागे या ऐकवण्याचाही वाटा होता.

1852 साली इंग्रज सरकारने खानदेशात जमीनमोजणी सुरू केली. ही मोजणी म्हणजे प्रत्येक शेताचे क्षेत्र व प्रत ठरवून त्यावर रोख शेतसारा बसवण्याची पद्धत होती आणि तिचे प्रमुख अधिकारी कॅप्टन विंगेट हे होते. सारा वाढणार या भीतीने सावदा, फैजपूर व एरंडोल या भागांतील शेतकरी जमावाने एकत्र आले, मोजणी बंद करा अशी मागणी त्यांनी अधिकाऱ्यांच्या तोंडावर केली, आणि अखेर सरकारला फौज आणून पुढाऱ्यांना पकडावे लागले. त्या काळी जिल्ह्यात कुणालाच कसल्याही विधिमंडळासाठी मत नव्हते, त्यामुळे ज्याचा शेतसारा ठरत होता त्याला जमावाने उभे राहणे किंवा अर्ज करणे याखेरीज दुसरा मार्गच नव्हता. सरकारी कागदपत्रांत या घटनेची नोंद दंगल म्हणून झाली. करआकारणीबद्दलचा तो एक राजकीय अभिप्राय होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

पुढे नगरपालिका आल्या, 1880 नंतरच्या दशकात लोकल बोर्डे आली आणि मर्यादित मतदानाची ओळख झाली. परंतु प्रांतिक कायदेमंडळासाठी थेट मतदान सुरू झाले ते 1919 च्या सुधारणा कायद्यानंतर. त्या कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या बहुतेक ग्रामीण भागात मताधिकारासाठी निदान 32 रुपये शेतसाऱ्याची जमीन लागत असे. कोरडवाहू तुकड्यावर जगणारा कुणबी, सालदार, म्हणजे वर्षाच्या ठरावीक मोबदल्यावर मालकाच्या शेतात राबणारा गडी, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल मजूर हे सर्व या अटीमुळे आपोआप बाहेर राहिले. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्यालाच राज्याच्या बऱ्यावाईटाची काळजी असते, हा या अटीमागचा विचार होता. त्याच सुमारास, 1919 च्या जानेवारीत, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना मताधिकार व प्रतिनिधित्व मिळावे अशी मागणी केली. ती ज्यांच्या वतीने झाली त्यांच्यापैकी बहुतेकांना मत नव्हते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण मत नसणाऱ्याने बोलू नये हा नियम खरा मानला तर मताची मागणी करण्याचाच मार्ग बंद होतो.

या सुधारणांखालची पहिली निवडणूक 1920 च्या नोव्हेंबरात झाली. तिच्या दोनच महिने आधी कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव केला होता आणि त्यात कायदेमंडळांवरील बहिष्काराचा समावेश होता. याचा अर्थ असा की ज्यांना मत होते अशांपैकी अनेकांनी ते हेतुपुरस्सर दिले नाही आणि तरीही त्या काळातील सर्वांत तीव्र राजकीय भाषा त्यांचीच होती. भुसावळचे वकील वासुदेव विठ्ठल तथा अण्णासाहेब दास्ताने यांनी असहकारात वकिली सोडली आणि पुढची वर्षे काँग्रेसच्या कामात घालवली. बहिष्काराचे धोरण बरोबर होते की चूक, यावर त्याच वेळी कडाक्याचे मतभेद होते आणि 1923 मध्ये स्वराज्य पक्षाने कायदेमंडळात जाण्याचा मार्ग पत्करल्याने ते उघडही झाले. पण मत दिले नाही म्हणून यांना बोलण्याचा हक्क नाही, असे म्हणणे कुणालाही हास्यास्पदच वाटले असते.

धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख या संदर्भात टाळता येत नाही. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबा भाव्यांनी तेथे दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. विषय अध्यात्माचा होता, श्रोते मात्र सविनय कायदेभंगात शिक्षा भोगणारे राजबंदी होते. कायद्याने ज्यांचे नागरिकत्व जवळजवळ गोठवले होते त्यांच्या मेळाव्यात स्वधर्म आणि कर्तव्य यांवर होणारे बोलणे राजकारणापासून वेगळे काढणे कठीण आहे.

या सर्व इतिहासाचा मध्यबिंदू फैजपूर हेच गाव ठरते. 27 व 28 डिसेंबर 1936 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले, आणि ते खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन होते. बांबूंनी उभारलेल्या त्या नगराची सजावट नंदलाल बोस यांची होती. पूर्व खानदेशातील धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी व्यवस्थेचा भार उचलला होता. त्याच वेळी तेथे अखिल भारतीय किसान सभेची परिषदही भरली, आणि तिच्यासाठी सुमारे पाचशे शेतकऱ्यांचा जथा वि. म. भुस्कुटे व बुखारी यांच्या नेतृत्वाखाली मनमाडहून गावोगाव सभा घेत दोनशे मैलांहून अधिक अंतर चालून फैजपूरला पोचला. 1935 च्या नव्या कायद्याने साऱ्याची अट बरीच खाली आणली असली, तरी ब्रिटिश प्रांतांतील लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्श्यालाच मत मिळाले होते, तेव्हा या वाटेवर ज्यांनी भाषणे ऐकली आणि घोषणा दिल्या त्यांपैकी पुष्कळांना अवघ्या काही आठवड्यांनी होणाऱ्या निवडणुकीत मत नव्हते, असे मानण्यास हरकत नाही.

फैजपूरला काय ठरले हे पाहिले म्हणजे या चालण्याचा अर्थ कळतो. अधिवेशनाने 1935 चा कायदा नाकारला, निवडणुका मात्र लढवण्याचे ठरवले आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीची मागणी पुन्हा मांडली. शेतीविषयक कार्यक्रमात शेतसारा व खंड यांत मोठी कपात, कर्जाच्या वसुलीस स्थगिती, सरंजामी वसुलीचा शेवट, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी आणि शेतकरी संघटनांना मान्यता ही कलमे आली. शेतमजुरांच्या मजुरीचे कलम विशेष बोलके आहे, कारण तो वर्ग यादीबाहेरचा होता आणि निव्वळ मतांच्या हिशेबाने पाहता कोणत्याही उमेदवाराला त्याची गरज नव्हती. 1937 मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि 1939 मध्ये कूळ कायदा झाला. कार्यक्रम आणि कायदा यांत अंतर बरेच राहिले, आणि शेतमजुराच्या पदरात फारसे काही पडले नाही. बोलणे ऐकले जाणे आणि मोजले जाणे यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. म्हणूनच मताधिकार गौण आहे असा निष्कर्ष या इतिहासातून काढता येणार नाही.

मत नसताना बोलण्याची किंमत मोजणारे पुढेही होते. पश्चिम खानदेशात नंदुरबारला ‘चले जाव’ आंदोलनात 9 सप्टेंबर 1942 रोजी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार ठार झाले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता, आणि 28 मार्च 1989 पासून मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले असले तरी आजच्या कायद्यानेही तो मतदार ठरला नसता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने बोलण्याचा आणि मत देण्याचा हे दोन हक्क वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले. अनुच्छेद 19 मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे आणि अनुच्छेद 326 प्रौढ मताधिकाराची तरतूद करतो. पहिला हक्क दुसऱ्याच्या वापरावर अवलंबून ठेवलेला नाही. 27 सप्टेंबर 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व उमेदवार नाकारण्याचा पर्याय मतदान यंत्रावर देण्याचा आदेश देताना, मत न देण्याचा निर्णयही अभिव्यक्तीतच मोडतो अशी भूमिका घेतली. रस्ता किंवा पाणी नाही म्हणून एखादे गाव मतदानावर बहिष्काराचा फलक लावते, तेव्हा तहसीलदार धावत समजूत काढायला जातात, म्हणजे प्रशासनही त्या न देण्याकडे बोलणे म्हणूनच पाहते.

सुटीचा दिवस समजून घरी बसणारा शहरी मतदार या परंपरेत बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. 1920 च्या बहिष्काराला ठराव होता, कारण होते आणि त्याची किंमत मोजणारी माणसे होती. आळसाला यांपैकी काहीच नाही. अशा माणसाच्या टीकेला कमी वजन देण्याची मोकळीक ऐकणाऱ्याला आहे, त्याचे तोंड बंद करण्याची मात्र नाही.

अडचण अशी की हा नैतिक दंडक आळशी माणसापेक्षा भलत्याच लोकांवर अधिक जोरात आदळतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62 नुसार प्रतिबंधक स्थानबद्ध वगळता तुरुंगातील कुणालाही मत देता येत नाही, आणि त्यात गुन्हा सिद्ध न झालेले कच्चे कैदीही आले. साक्री, शिरपूर आणि चाळीसगावकडची मजूर कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जातात. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले ते याच दिवसांत. या मजुरांना टपाली मतदानाची सोय नाही, आणि एका मतासाठी फड सोडून गावी यायचे तर प्रवासखर्च व बुडालेली मजुरी पदरची. निवडणूक आयोगाने अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना 2022 च्या डिसेंबरात जाहीर केला, राजकीय पक्षांनी त्यावर शंका घेतल्या आणि प्रकरण तेथेच थांबले. ऊसतोडकऱ्याला बोलू नको असे सांगण्यापेक्षा त्याच्या फडाजवळ मतदानाची सोय करणे हे आयोगाचे व पक्षांचे काम आहे, आणि ते व्हावे यासाठी मतदार असलेल्या वाचकांनी आपल्या प्रतिनिधींकडे आग्रह धरावा.