धातूवरील छटांकनाची मश्क : मुहरकनापासून मिरजेच्या तांबटापर्यंत

नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील रामाकोना आणि सौंसरच्या परिसरातील जुन्या मराठी घरांत आजही माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी निघतात. घंगाळ, कळशी, परात, काहीही असो, त्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले नाव असते. कोणी दिले, कोणाच्या लग्नात दिले, कधी दिले, एवढाच मजकूर. याच भागातील लोधीखेडा या गावाची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी केलेली आहे, त्यामुळे हे काम इथल्या लोकांना नवे नाही. नाव घालणारा कारागीर लहान छिन्नीवर हातोडीचा हलका ठोका देत पुढे सरकतो. त्याचे सर्व ठिपके सारख्या खोलीचे आणि सारख्या अंतराचे असतात. अक्षर वाचता आले की त्याचे काम संपले.

हेच ठिपके एका बाजूला दाट आणि खोल, दुसऱ्या बाजूला विरळ आणि उथळ पाडले तर सपाट पत्र्यावर गोलाई दिसू लागते. वाचण्याचा ठिपका आणि सावलीचा ठिपका यांत हत्याराचा फरक फारसा नाही. फरक आहे तो सरावाचा. हा सराव आपल्याकडच्या धातूच्या कामात कोठवर आला आणि कोठे थांबला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धातूवर कोरणाऱ्याजवळ रंग नसतो. त्याला जी काही काळोखी आणावयाची ती रेषेच्या जाडीने, खोलीने आणि दोन रेषांमधील अंतराने आणावी लागते. युरोपातील ताम्रपट-कोरक हातोडी वापरीत नसे. त्याच्या कलमाची लाकडी मूठ तळहातात बसे आणि टोक पुढे ढकलले जाई. ताट वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेले असे. वळणदार रेषा हवी असली की हात न वळवता ताटच फिरवीत. कलम किंचित दाबले की चर खोल होतो आणि रुंदही होतो. दाब सैल केला की रेषा केसासारखी बारीक होऊन विरते. छपाईच्या वेळी शाई चरात भरून वरचा पृष्ठभाग पुसून घेतात व ओलसर कागद दाबून ती शाई उचलतात. जितका चर खोल तितकी शाई जास्त आणि छटा गडद. भांड्याचे गणित मात्र वेगळे आहे. तेथे छापा घ्यावयाचा नसल्याने छटा उजेडावर अवलंबून राहते. हातातले भांडे फिरवले की काळी दिसणारी रेषा चमकू लागते! म्हणूनच पुष्कळ कारागीर चरांत काळा लेप भरून घेतात.

नवशिक्याला प्रथम चित्र देत नाहीत. आधी समांतर रेषा, सारख्या अंतराच्या. मग क्रमाने जवळ येत जाणाऱ्या. मग आरंभी बारीक, मध्ये फुगलेल्या आणि शेवटी पुन्हा बारीक. त्यानंतर एका थरावर दुसरा थर आडवा घ्यावयाचा, परंतु काटकोनात नव्हे, कारण काटकोनी जाळी चाळणीसारखी सपाट दिसते. तिरकस छेदल्यास शंकरपाळ्यासारखी घरे पडतात आणि त्यांच्या पोटात एकेक ठिपका दिला की कातडीचा, मांसलपणाचा भास होतो. फ्रेंच कोरक क्लोद मेलाँ याने 1649 साली येशूचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच वर्तुळाकार रेषेत कोरला. आडव्या रेषांची जाळी त्यात नाही. तीच एक रेषा जेथे जाड होते तेथे सावली पडते.

उर्दू खुशनविसीशी परिचय असणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. नस्तालिकची गोडी कलमाच्या तिरप्या कापातून येणाऱ्या जाड-बारीकपणातच आहे. खत्तात तेच अक्षर, तोच जोड शेकडो वेळा गिरवीत. या सरावालाच मश्क म्हणतात. कागद काळा होईपर्यंत अक्षरांवर अक्षरे लिहिलेल्या पानांना स्याह मश्क असे नावच पडले आणि रसिकांनी ती पाने संग्रही ठेवली. छटांकन म्हणजे धातूवरची स्याह मश्कच होय.

मग खत्त आणि धातू या दोहोंवर हुकूमत असणाऱ्या मुहरकनांनी छटा का आणली नाही? अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त मोहरा कोरणाऱ्या उस्तादांची नावे नोंदवली आहेत. त्यांत मौलाना मकसूद हेरवी आहेत आणि पोलादावर कोरण्यात ज्यांची बरोबरी कोणी करू शकत नसे असे दिल्लीचे मौलाना अली अहमदही आहेत. या अली अहमदांच्या वडिलांजवळ आपण लहानपणी शिकलो, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि अली अहमदांचा मृत्यू अमीर खुसरोंच्या एका शेराचा अर्थ सांगता सांगता दरबारात झाला, हेही तेथेच वाचावयास मिळते. उलटे अक्षर सुलटे उमटेल अशा बेताने कोरणारे हे हात कमी प्रतीचे नव्हते. परंतु मोहरेचे काम साक्ष देण्याचे. तिचा ठसा स्पष्ट असावा लागतो, तेथे सावली ही संदिग्धता ठरते. मराठीतील शिक्का, मोहोर, नक्षी हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि त्यांबरोबर रेषेची ही शिस्तही आली.

छटा आली ती दुसऱ्या वाटेने. 1580 मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल बादशहाला भेट दिले, त्यात ताम्रपटावरून छापलेली चित्रे होती. शाही चित्रशाळेतील मुसव्विरांनी अशा छाप्यांवर मश्क सुरू केली. 1600 च्या सुमारास आका रझाचा मुलगा अबुल हसन याने वयाच्या तेराव्या वर्षी ड्यूररच्या 1511 च्या कोरीव चित्रातील संत जॉनची आकृती काढली. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयातील हे चित्र पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. ड्यूररने कलमाने तांब्यात जे केले, ते हा मुलगा कुंचल्याने कागदावर करीत होता. बारीक ठिपक्यांनी व रेषांनी छटा देण्याची परदाज ही पद्धत मोगल कलमाची ओळख बनली. धातूवर जन्मलेली सावली अशी आपल्याकडे कागदावर रुजली. धातूकडे ती परतली नाही.

दक्खनमधील बिदरी काम याला अपवाद वाटेल, पण तसे नाही. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चर कोरून त्यात चांदीची तार (तारकशी) किंवा पत्रा (तहनिशान) ठोकतात आणि नवसागर व बिदरच्या किल्ल्यातील मातीच्या लेपाने जमीन काळी करतात. आफ्ताबी प्रकारात उलट चांदीची जमीन व काळी नक्षी असते. येथे काळे आणि पांढरे समोरासमोर उभे असतात, मधली करडी पायरी नसते. बिदरीचे सौंदर्य त्या विरोधातच आहे, म्हणून ही उणीव मानण्याचे कारण नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात मात्र वेगळी संधी चालून आली होती. सर चार्ल्स मालेट हा 1786 ते 1797 या काळात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता. त्याच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला, तेथे चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट हा एतद्देशीय चित्रकार नावारूपाला आला. त्याने वेरूळची लेणी रेखाटली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे 1790 मधील त्याचे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगारामचे आडनावच तांबट. ज्यांच्या घरात धातू ठोकला जाई अशांच्या मुलाने सावली शिकली ती कागदावर.

त्याच सुमारास मालेटच्या प्रोत्साहनाने नाना फडणविसांनी ताम्रपटांवर भगवद्गीता कोरवून छापण्याचा मनोदय धरला व पुण्याच्या एका तांबटाला या कामी तयार करण्यात आले. 1797 मध्ये मालेट गेला, 13 मार्च 1800 रोजी नाना वारले आणि काम अर्धवट राहिले. पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या तांबटाला आश्रय दिला व 1805 मध्ये मिरजेत ताम्रपटांवरून गीता छापली गेली. देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान सर्वमान्य आहे. त्याकडे मुद्रणाचा आरंभ म्हणूनच पाहिले जाते; कोरकाच्या हाताची गोष्ट म्हणून तो क्वचितच वाचला जातो. एकाच शहरात, एकाच दशकात, एकाच आश्रयदात्याच्या छायेखाली एक तांबट सावली शिकत होता आणि दुसरा तांबट छापण्यासाठी ताम्रपट कोरावयास शिकत होता. दोन्ही विद्या एका ताटावर आल्या असत्या तर मराठी ग्रंथचित्रांचा आरंभ कदाचित वेगळा झाला असता. प्रत्यक्षात मिरजेच्या ताम्रपटांवर अक्षर आले. वेल्स 1795 मध्ये वारला. वेरूळची चित्रे 1803 मध्ये लंडनला थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली ताटांवर चढली, आणि तीही राळेच्या भुकटीतून आम्लाने छटा उतरवण्याच्या पद्धतीने. मुखपृष्ठावर नाव वेल्सचे.

मिरजेच्या तांबटाला परंपरा लाभली नाही, याचे एक कारण दौलतींची पडझड हे आहेच. दुसरे अधिक निर्णायक आहे. जर्मनीत सेनेफेल्डरने 1796 ते 1798 च्या दरम्यान शोधलेली शिळाछपाई 1820 च्या दशकात मुंबईत पोहोचली. दगडावर मेणकट खडूने छटा सहज येते, अक्षर लिहिता येते, नस्तालिकची वळणेही जशीच्या तशी उतरतात. उर्दू मुद्रणाने तर शिळेलाच जवळ केले. वर्षानुवर्षांची धातूची मश्क मग कोण करणार? मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात 1891 मध्ये रे कार्यशाळा निघाल्या आणि धातूकामाला शिक्षणात जागा मिळाली. पण तोवर जाळीछटेचे ठोकळे येऊ लागले होते आणि ग्रंथचित्राचे काम छायाचित्राने घेतले होते.

कोरीव छटा उरली ती मुख्यतः नोटांवर, कारण तिची नक्कल अवघड आहे. 100 रुपये व त्याहून मोठ्या नोटेवरील गांधीजींच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला की कोरीव चरांतून उचललेली शाई बोटाला लागल्यासारखी जाणवते. अशा नोटा छापणारा देवासचा कारखाना मध्य प्रदेशातच आहे. गालावरची सावली तेथेही रेषा जवळ आणूनच साधलेली असते.

सौंसरकडच्या भांड्यांवर अलीकडे विजेवर थरथरणाऱ्या सुईने नाव घालतात. ते काम झपाट्याने होते, मात्र ठिपके अधिकच एकसारखे पडतात. हातोडीच्या जुन्या कामात वेलांटीच्या वळणावर क्वचित ठिपके दाटलेले दिसतात आणि अक्षराला किंचित वजन येते. नाव अर्थातच भांडे देणाऱ्याचे असते. मिरजेच्या गीतेसंबंधीही मालेट, नाना आणि गंगाधरराव ही नावे सर्वत्र आढळतात. कोरणाऱ्याचा उल्लेख बहुधा ‘पुण्याचा एक तांबट’ एवढाच येतो.