कँटर
कँटर : घोड्याची तीन ठोक्यांची चाल, दुडकीहून वेगवान, भरधाव दौडीहून संथ. डाव्या कँटरमध्ये आधी मागचा उजवा पाय पडतो, मग मागचा डावा व पुढचा उजवा एकदम, शेवटी पुढचा डावा. नंतर क्षणभर चारही खूर अधांतरी असतात.

शिकाऊ घोडा बहुधा पुढच्या पायांवर भार टाकून पळत सुटतो. अशा वेळी लगाम ओढून धरणे ही सर्वांत मोठी चूक. घोडा लगामावर रेलून अधिकच रेटतो. स्वाराने आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा किंचित मागे ठेवावा, बैठक स्थिर करावी आणि लगाम क्षणभर आवळून लगेच सैल करावा. २० मीटर व्यासाच्या वर्तुळावर थोडा कँटर, मग दुडकी, पुन्हा कँटर अशी अदलाबदल फार गुणकारी ठरते : मागचे पाय पोटाखाली येतात, तोल सावरतो. वळणाच्या उलट्या बाजूचा कँटर लागल्यास दुडकीवर येऊन नव्याने सुरुवात करावी. दमलेल्या घोड्याकडून ताल मागू नये.

कँटरचा कस पाहणाऱ्या अश्वारोहण स्पर्धांत भारतीयांनीही पदके मिळवली आहेत. बंगळूरचे फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंग या अश्वारोहण प्रकाराचे वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार) याचे सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत मुंबईचे हृदय छेडा होते.