पेंढाऱ्यांवरची मोहीम मराठ्यांचं युद्ध कशी झाली? १८१७ आणि कोल्हापूर

मागच्या व्याख्यानात आपण १७३१ च्या वारणेच्या तहापाशी थांबलो होतो. क्रमानं जायचं तर आज त्याच्या पुढचं प्रकरण घ्यायला हवं. पण मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, की सर, रोज टीव्हीवर चर्चा असते, अमुक युद्ध पसरेल का, शेजारचे देश त्यात पडतील का. हे नेमकं घडतं कसं? आजच्या बातम्यांवरून याचं उत्तर देणं आमच्या आवाक्यातलं नाही. पण असं पसरलेलं एक युद्ध आपल्या दारावरून गेलेलं आहे. तेव्हा आज शहाऐंशी वर्षांची उडी मारू आणि थेट १८१७ मध्ये जाऊ.

पाठ्यपुस्तकात याचं नाव आहे तिसरं इंग्रज-मराठा युद्ध. हे नाव नंतर पडलेलं आहे. १८१७ च्या पावसाळ्यात कुणी विचारलं असतं की इंग्रज कुणाशी लढायला निघालेत, तर उत्तर आलं असतं, पेंढाऱ्यांशी. जाहीर मोहीम तीच होती. पेंढारी म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात आणि माळव्यात तळ ठोकून राहणारे लुटारू घोडेस्वार. चितू, करीमखान, वासिल मुहम्मद हे त्यांचे म्होरके. १८१६ मध्ये त्यांच्या टोळ्या पार गुंटूरपर्यंत, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मुलखात घुसल्या, गावंच्या गावं लुटली. त्यांचा त्रास खरा होता, त्यात शंका नाही.

पण आता आकडे बघा. पेंढारी धरले जातात वीस-पंचवीस हजार. आणि गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं त्यांच्यासाठी जमवलेलं सैन्य एक लाखाच्या वर, सोबत तीनशेच्या आसपास तोफा. एक फौज उत्तरेकडून, तिच्याबरोबर तो स्वतः; दुसरी दक्षिणेकडून, तिच्यावर हिस्लॉप. पेंढारी किल्ल्यात बसून लढत नव्हते. मग एवढ्या तोफा कशाला? हा प्रश्न आपल्याला आज पडतो, तर त्या वेळी पुण्याला, नागपूरला, इंदूरला पडला नसेल का? चोराला धरायला म्हणून कुणी आख्ख्या गल्लीला वेढा घालून बसलं, तर गल्लीतला प्रत्येक घरवाला आपल्या दाराकडे बघायला लागतो. हेस्टिंग्जच्या मनात मराठ्यांची सत्ता मोडायचीच होती का, यावर वाद होत राहतात. आमचं मत असं, की मनात काय होतं यापेक्षा शेजाऱ्यांना काय दिसत होतं ते महत्त्वाचं. त्यांना एक लाख फौज दिसत होती.

त्यात पुण्याचं प्रकरण आधीच नासलेलं. जुलै १८१५ मध्ये बडोद्याचे कारभारी गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी दिलेली होती. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर. रेसिडेंट एल्फिन्स्टननं त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते तिथून निसटले. मग सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस मागितले गेले, आणि शेवटी १३ जून १८१७ चा पुण्याचा तह बाजीरावांच्या गळ्यात मारला.

या तहात मुलूख गेला, तो तर गेलाच. पण आमच्या दृष्टीनं सगळ्यात घातक कलम वेगळं आहे. पेशव्यांनी मराठा संघाचं पुढारीपण सोडायचं आणि दुसऱ्या दरबारांत आपले वकील ठेवायचे नाहीत, दुसऱ्यांचे आपल्याकडे ठेवून घ्यायचे नाहीत. वकील म्हणजे त्या काळचे कान आणि डोळे. ते काढून घेतल्यावर उरतं काय? चोरून आलेली चिठ्ठी, कुणाच्या तोंडचा निरोप, आणि अफवा. ज्याला युद्ध आवरायचंय त्यानं बोलणाऱ्यांची तोंडं बंद करू नयेत. इंग्रजांनी नेमकं ते केलं, आणि मग पाच महिन्यांत तोफा बोलल्या.

५ नोव्हेंबर १८१७. हा दिवस लक्षात ठेवा. दुपारनंतर खडकीला पेशव्यांची फौज बापू गोखल्यांच्या हाताखाली इंग्रजांवर चालून गेली. एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून निघाला होता, तो बंगला जाळला गेला. लढाई पेशव्यांच्या हातून निसटली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

आणि त्याच दिवशी, ५ नोव्हेंबरलाच, तिकडे ग्वाल्हेरला दौलतराव शिंदे इंग्रजांबरोबर तहावर सही करत होते. पुण्यात ज्यांच्या मदतीवर भरवसा ठेवून तलवार उपसली, ते त्याच दिवशी बाजूला होत होते, आणि पुण्याला त्याचा पत्ता नव्हता. मध्ये हजारेक किलोमीटरचा रस्ता. शिंदे का हटले? एक तर हेस्टिंग्जनं फौज त्यांच्या अगदी उशाशी आणून उभी केली होती. दुसरं म्हणजे त्यांनी नेपाळ दरबाराशी चालवलेली पत्रं इंग्रजांच्या हाती लागली होती, ती त्यांना भर दरबारात परत देण्यात आली. काही न बोलता. यापुढे धमकी कशाला हवी?

नागपूरला ठिणगी पडली ती एका पोशाखावरून. आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्येच तैनाती फौजेचा तह केलेला होता. पण पेशव्यांकडून त्यांना किताब आणि खिलत आली होती. खडकीची लढाई होऊन गेल्यावर, २४ नोव्हेंबरला, त्यांनी ती समारंभानं स्वीकारायचं ठरवलं आणि रेसिडेंट जेंकिन्सलाही बोलावलं. आप्पासाहेबांच्या दृष्टीनं तो घराण्याचा मान. जेंकिन्सच्या दृष्टीनं शत्रूकडून घेतलेली नेमणूक. दोन दिवसांनी, २६ आणि २७ नोव्हेंबरला, सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई.

होळकरांकडे तिसरंच. मल्हारराव होळकर तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. कारभार तुळसाबाईंच्या हाती, आणि त्यांचा कल इंग्रजांशी बोलणी करण्याकडे. लष्कराचा पगार थकलेला, पेशव्यांकडून पैसा येईल ही आशा. २० डिसेंबरला लष्करातल्या लोकांनीच तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी मारलं आणि दुसऱ्या दिवशी महिदपूरला लढाई झाली. म्हणजे इथं दरबारानं युद्ध पुकारलेलंच नाही. पगार न मिळालेल्या फौजेनं पुकारलं.

तारखा पुन्हा बघा. ५ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबर, २१ डिसेंबर. शेहेचाळीस दिवस. तिघं एकत्र ठरवून उठले असते तर काय झालं असतं, असा प्रश्न नेहमी येतो. पण ते एकत्र उठले नाहीत. एकेक करून ओढले गेले, आणि प्रत्येकाचं कारण आपापल्या घरातलं होतं. कुणी म्हणेल, निरोप जायला वेळ लागायचा म्हणून हे झालं. तसं नाही. १९१४ मध्ये तारायंत्र होतं. तरीही २८ जूनला सारायेवोमध्ये गोळी सुटली आणि ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरलं, म्हणजे सदतीस दिवस. त्या युद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या, हे आपल्याला माहीत आहे.

आणि पेंढाऱ्यांचं काय झालं? त्यांच्याशी जवळचं नातं असलेला अमीरखान टोंकचा नवाब झाला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितूला असीरगडच्या जंगलात वाघानं खाल्लं म्हणतात. ज्यांच्यासाठी एक लाख फौज निघाली त्यांची ही गत, आणि बुडाली ती पेशवाई. जाता जाता एक सांगतो, हेस्टिंग्जच्या स्वतःच्या छावणीत बुंदेलखंडात पटकी शिरली आणि हजारो माणसं लढाईविना मेली.

आता आपलं कोल्हापूर. लढाई इथून लांब होती असं समजू नका. १ जानेवारीच्या कोरेगावनंतर बाजीराव फौजेसह खाली कर्नाटकात, घटप्रभेपर्यंत उतरले. तिकडून मन्रो वर येत होता. एप्रिल १८१८ मध्ये त्यानं बेळगावचा किल्ला घेतला. म्हणजे युद्ध आपल्या करवीर राज्याच्या उंबऱ्यावर होतं. आणि आबासाहेब महाराज, म्हणजे शंभू छत्रपती, इंग्रजांच्या बाजूला राहिले.

इथं सभागृहात कुजबुज होते, दर वेळी होते. ‘कोल्हापूरनं दगा दिला का?’ आम्हाला हा शब्द इथं बसत नाही असं वाटतं. पुण्याच्या कारभाऱ्यांशी आणि त्यांच्या सरदारांशी करवीरचं भांडण दोन पिढ्यांचं होतं. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरच्या फौजेशी लढताना परशुरामभाऊ पटवर्धन पडले. लगेच सूड म्हणून पटवर्धनांनी शिंद्यांच्या पलटणी बरोबर घेऊन कोल्हापूरला वेढा घातला. १८०० मध्ये नाना फडणीस वारले, पुण्याचं राजकारण फिरलं, तेव्हा तो उठला. मग चिकोडी-मनोळीवरून निपाणकरांशी झगडा. या सगळ्याला कंटाळून १८१२ मध्ये कोल्हापूरनं इंग्रजांशी तह केला, मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग देऊन टाकला, आणि परराष्ट्राशी परस्पर व्यवहार न करण्याचं मान्य केलं. अशा राज्यानं १८१७ मध्ये पेशव्यांसाठी उठावं, ही अपेक्षा आपण आज करतो. त्या वेळी ती कुणी केली नसती. खुद्द पटवर्धनांनीही फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यानंतर पेशव्यांची साथ सोडली, आणि सांगली, मिरज, जमखिंडी टिकली ती त्यामुळे.

निपाणकर पेशव्यांकडे राहिले. म्हणून बक्षीस काय, तर चिकोडी आणि मनोळी त्यांच्याकडून काढून कोल्हापूरला. इतक्या वर्षांचं भांडण एका सहीनं जिंकलं. दरबारात आनंद झाला असणार, आणि आम्ही त्यांना त्याबद्दल नावं ठेवत नाही.

चूक झाली असेल तर ती दुसरीकडे. पुणे उभं होतं तोवर इंग्रजांना कोल्हापूरची गरज होती. पुण्याच्या पाठीमागे आपल्या बाजूचा कुणीतरी हवा होता. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्ताला गेले, आणि त्याच दिवशी कोल्हापूरची किंमत उतरली. शेजारी बुडाल्यावर आपलं वजन वाढेल असा हिशेब होता. वजन होतं ते त्या शेजाऱ्यामुळेच.

१८२१ मध्ये आबासाहेबांचा खून झाला. बुवासाहेब महाराज गादीवर आले. त्यांचे आणि इंग्रजांचे खटके उडत गेले, आणि १८२७ मध्ये चिकोडी-मनोळी परत घेतली गेली. नऊ-दहा वर्षं, एवढंच ते बक्षीस टिकलं. पन्हाळ्यावर इंग्रजांची शिबंदी बसली आणि तिचा खर्च कोल्हापूरच्या खजिन्यावर. चिकोडी आज बेळगाव जिल्ह्यात आहे. इथं बसलेल्यांपैकी कुणाचं आजोळ तिकडचं असेल, त्यांना या गोष्टीचा पुढचा भाग आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

१८४४ मध्ये सामानगडावरून सुरू झालेलं गडकऱ्यांचं बंड हाही असाच पसरलेला वणवा, तो सावंतवाडीपर्यंत गेला. ते पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेपासून सुरुवात करू, गेल्या वेळी त्यांना संधी मिळाली नव्हती.