पडीच्या वर्षाचा खंड कोणी द्यायचा?

आज ऐकता ऐकता एक काम करा. घरची शेती असेल तर मोबाईलवर महाभूलेख उघडा आणि सातबाऱ्यावर ‘आकार’ शोधा. रुपये-पैशात एक आकडा दिसेल. बऱ्याचदा इतका छोटा, की त्यात वडापावही येणार नाही. आजची गोष्ट त्याच आकड्याची.

मला तो आठवला मामांमुळे. सिन्नरच्या पूर्वेला त्यांची सहा एकर जिरायत आहे. ती गावातल्याच एकाला खंडाने द्यायची बोलणी चालली होती, आणि अडलं एका वाक्यावर. तो म्हणाला, “नाना, पाऊस नाही झाला तर रान पडच राहणार. त्या वर्षीचा खंड कशातून देऊ?” मामा म्हणाले, “पण रान तुझ्याच ताब्यात असणार ना!” दोघांचंही खरं होतं.

हे भांडण जुनं आहे. पेशवाईत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला ‘इस्तावा’ मिळायचा. पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा, मग दरवर्षी थोडी वाढ, आणि काही वर्षांनी पूर्ण दर. १८१८ नंतर इंग्रज आले. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने हिशेब मांडला: उत्पन्नातून खर्च वजा करा, उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर झकास! पण उत्पन्नाचे अंदाज चुकले, धान्याचे भाव पडले, आणि इंदापूरकडची माणसं गावं सोडून गेली.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट आले. १८३६ मध्ये इंदापूरला त्यांनी नवी आकारणी लावली आणि १८४०च्या दशकात तीच पद्धत नाशिककडे आली. इथे पिकाचा अंदाज नाही, थेट माती बघायची. पावणेदोन हात खोल, चांगली काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी, आणे कमी. चुनखड, वाळू, उतार असेल तर अजून एकेक पायरी खाली. पिकवताच येणार नाही तो तुकडा ‘पोटखराबा’ म्हणून वगळायचा. हा शब्दही तुमच्या सातबाऱ्यावर आहे, बघा.

आणि पड? तिला वेगळी सूट नाही. पेरा किंवा पेरू नका, पूर्ण नंबरचा सारा रोखीत द्यायचा. त्याबदल्यात दर हलका आणि तीस वर्षं कायम. परवडत नसेल तर हंगामाआधी राजीनामा देऊन नंबर सोडता यायचा. म्हणजे वाईट वर्षं आधीच दरात धरलेली.

मला यात एक गोची दिसते. इगतपुरीच्या माळावर पड ठरलेली असायची. नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि नंतर काही वर्षं रानाला विश्रांती. ती मोजता येते, दरात वाटून टाकता येते. सिन्नर-येवल्याची पड न सांगता येते. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे पाचशेच्या घरात, तोही लहरी. सरासरी बरोबर निघाली तरी दुष्काळाच्या वर्षी सरासरी खिशात नसते. हप्ता मात्र रोख लागतो. मग सावकार. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यामागे कापसाचे कोसळलेले भाव होते, वाढीव फेरआकारणी होती, आणि हा रोख हप्ताही होता.

गंमत म्हणजे हाच आकार पुढे खंड मोजायला वापरला गेला. १९४८च्या कूळ कायद्यात १९५६ला दुरुस्ती झाली आणि कुळाच्या खंडाला आकाराच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये, यातलं जे कमी ती मर्यादा आली.

मामांच्या वहीत गेल्या दहा वर्षांत तीन वर्षं पडीची निघाली. मी म्हटलं, दोन बोल्या करा. पीक आलं तरच एकरी पाच हजार, किंवा काहीही होवो, दरवर्षी साडेतीन हजार. दहा वर्षांचा हिशेब एकच: पस्तीस हजार. पण समोरच्याने क्षणात पहिली बोली उचलली. “साडेतीन स्वस्त आहेत हो, पण पडीच्या वर्षी ते व्याजानेच आणावे लागतील.”

मामा म्हणाले, “आणि पीक आलं की नाही, हे ठरवायचं कोणी?”

“ई-पीक पाहणीत नोंद होईलच की, माझ्या नावाने.”

ते ऐकलं आणि मामा गप्पच झाले. ते का गप्प झाले, ते पुढच्या भागात. विषय अर्थातच कूळ कायदा.